दस्त्यावरची हळद

आमच्या सासुरवाडीकडे एक गोष्ट अजून सांगितली जाते. नव्वदच्या दशकातल्या एका खंडेनवमीला घरच्या जुन्या रायफलीला नव्या सुनेने हळद लावली आणि ती हळद सगळ्यांच्या देखत रक्तासारखी लाल झाली. रायफलीने सून नाकारली, असा त्याचा अर्थ लावतात. गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या तरुणाने ती मलाच ऐकवली. मुलगा शिकलेला, कुठल्याशा कंपनीत संगणकासमोर बसून पगार घेणारा. त्याच्या गोष्टीत रक्त आता थेंबाथेंबाने पाटावर ठिबकत होतं. मी मान डोलावली आणि आणखी एक पुरणपोळी वाढून घेतली.

मान डोलावण्याची ही सवय मला त्या खंडेनवमीपासूनच लागली. ती आता मोडायची आहे, कारण त्या दिवशी मी तिथे होतो. तिथे रक्त नव्हतं, दैवी काही नव्हतं, पूर्वजही नव्हते. होता तो धुण्याचा सोडा. तो मी लावला होता आणि नीट धुवायचा कंटाळा केला होता.

माझ्या बायकोचं माहेर बेंगळुरूचं. ही मंडळी इथे तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी आली, आणि हे वाक्य ती पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी ऐकवतात. मी पुण्याकडचा. सरकारी कारखान्यातल्या नोकरीसाठी आलेला, म्हणजे त्यांच्या हिशेबाने परवाचा. यंत्रांच्या भागांवर जिथे मुलामा चढवतात तिथल्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होतो. बायकोचे थोरले भाऊ, ज्यांना सगळं घर अण्णा म्हणे, एका विमा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यात टाचणीखेरीज दुसरं हत्यार त्यांनी चालवलं नसेल. पण बोलणं असं, की कालच एखादा किल्ला घेऊन आलेत आणि फक्त कपडे बदलायचे राहिलेत. या सगळ्या थाटाचा एकुलता एक पुरावा म्हणजे ती रायफल. आजोबा कुठल्याशा संस्थानिकाच्या शिकारखान्यात होते आणि त्यांना ती बक्षीस मिळाली होती म्हणे. शिकारखान्यात ते काय करत, हे विचारायची पद्धत नव्हती. माझ्या अंदाजाने कुत्र्यांना जेवण घालत असावेत.

रायफलीचा परवाना अण्णांच्या नावावर होता, पण कित्येक वर्षांत तिच्यातून गोळी सुटली नव्हती. वर्षभर ती कपाटात कुलपाआड पडून असे. खंडेनवमीला, इथल्या भाषेत आयुधपूजेला, ती बाहेर निघे, पाटावर झोपे, भाऊबंदांना दर्शन देई आणि पुन्हा आत जाई. मधल्या काळात तिला कोणी तेलाचं बोट लावत नसे. त्यामुळे एका पावसाळ्यात कपाटाच्या मागच्या फळीतून वाळवी शिरली आणि दस्ता, म्हणजे रायफलीचा सगळा लाकडी भाग, आतून खाऊन गेली, तर त्यात वाळवीचं काही चुकलं असं मला वाटत नाही. अण्णा उचलायला गेले तेव्हा तो त्यांच्या हातात शिळ्या पावासारखा चुरला.

एरवी त्यांनी त्या वर्षी काहीतरी निमित्त काढून पूजा गुपचूप उरकली असती. पण त्याच वर्षी मुलाचं लग्न झालं होतं. एकुलता एक मुलगा. त्याने स्वतःच्या कचेरीतल्याच एका मुलीशी लग्न केलं. ती आनेकलची, घरी कन्नड बोलणारी, वडिलांचा तुतीचा मळा. अण्णांनी आणि वहिनींनी हे लग्न औषध गिळावं तसं गिळलं होतं. आणि त्या घराची रीत अशी, की नवी सून पहिल्या खंडेनवमीला हत्याराला पहिली हळद लावते. मग हत्यार तिला ओळखतं आणि ती घरची होते. हे बघायला झाडून सगळे नातेवाईक येतात. रायफल दाखवली नाही तर विचारणार, आणि वाळवी लागली हे सांगायचं म्हणजे साडेतीनशे वर्षांना वाळवी लागली असं सांगण्यासारखं.

अण्णांनी शिवाजीनगरच्या एका बंदूक-दुरुस्तीवाल्याकडून नवा दस्ता करून घेतला. अक्रोडाचं लाकूड, काम बरं, पण रंग नव्या दारासारखा फिकट. दुकानदार म्हणाला, "चेरी कलर मारून देतो साहेब, सोफ्यासारखा चमकेल." अण्णा घाबरले. रायफल दुकानात ठेवून नुसता दस्ता चादरीत गुंडाळून ते आमच्याकडे आले.

"भावजी, तुमच्या कारखान्यात जुन्याचं नवं करता. एकदा नव्याचं जुनं करून दाखवा की."

"किती जुनं?"

"स्वल्प."

"स्वल्प म्हणजे?"

"शंभर वर्षं," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "आणि कुणाला बोलू नका. माझ्या बहिणीलाही नको. तिच्या पोटात काही राहत नाही."

मी हसायला हवं होतं. मी हो म्हणालो. मला वाटलं, इतकी वर्षं जावई म्हणून ज्यांच्या बढाया ऐकल्या, त्यांची सगळ्यात मोठी बढाई आता माझ्या हातात आली आहे. ही माझी लायकी.

काम मी घराच्या मागच्या धुण्याच्या जागेत केलं. कारखान्यातून थोडं नायट्रिक ॲसिड आणलं. आणलं म्हणजे उचललं. ते पातळ करून त्यात लोखंडाचा कीस हळूहळू सोडला. लालसर धूर निघाला आणि शेवटी तांबूस पाणी राहिलं. दस्ता आधी ओला करून, सुकवून, वर उभे राहिलेले लाकडाचे तंतू पॉलिश पेपरने काढले होते. त्यावर हे पाणी ब्रशने फिरवलं. लाकूड प्रथम शेवाळी हिरवट झालं, आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखं. मग विजेच्या शेगडीच्या लाल तारेवर, जळू न देता, तो फिरवत राहिलो. हिरवट रंग गेला आणि आतून तपकिरी, तांबूस, खोल रंग वर आला, जणू इतके दिवस तो तिथेच दडून बसला होता. तो क्षण सुंदर होता. हे मी नाकारत नाही, आणि त्यामुळेच पुढचं जास्त लाजिरवाणं आहे. किल्ल्यांच्या जुडग्याने मी दस्त्यावर बारीक खाचा पाडल्या, त्यांत काजळ आणि तेल भरलं. गाल टेकतो तिथे आणि मुठीच्या जागी घासून घासून झीज आणली. ज्या शिकारी कधी झाल्या नाहीत, त्यांची झीज.

यानंतर उरलेलं ॲसिड मारावं लागतं, नाहीतर ते पुढे लाकूडही खातं आणि लोखंडही. त्यासाठी धुण्याच्या सोड्याचं पाणी लावतात. मग तो सोडा स्वच्छ पाण्याने पुन्हा पुन्हा धुवून काढायचा, लाकूड सावलीत पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच जवसाच्या तेलाचे पातळ हात एकावर एक द्यायचे. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी लोकांना हेच शिकवत असे. पण पाऊस थांबत नव्हता, लाकूड वाळत नव्हतं, आणि अण्णा रोज संध्याकाळी दारात उभे. "झालं का भावजी? सरी, ठीक आहे, उद्या येतो." ॲसिडच्या भीतीने मी सोडा हवा त्यापेक्षा कडक केला, आणि धुण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसून घेतला. वरून तेलाचा एकच हात दिला. दस्त्याच्या मागच्या टोकाला, जे खांद्याला लागतं, तेवढाही दिला नाही, कारण तिथे लोखंडी पट्टी बसणार होती. टोकाला लाकडाच्या शिरांची तोंडं उघडी असतात, तिथे सोडा सगळ्यात खोल मुरतो. कारखान्यात हाताखालच्या कोणी असं काम केलं असतं तर मी ते त्याच्या अंगावर फेकलं असतं. आणि ती पट्टी दुकानदाराने गंज काढायला म्हणून ठेवून घेतली, ती सणापर्यंत दिलीच नाही.

खंडेनवमीला घर भरलं. पाटावर रायफल, नळी भिंतीकडे, दस्ता माणसांकडे, ही त्यांची रीत. मंडळी वाकून वाकून बघत होती.

"लाकूड बघा कसं मुरलंय," एक लांबचे काका म्हणाले. ते बँकेत कॅशियर होते, लाकडाशी त्यांचा संबंध टेबलापुरता. "असं लाकूड आता मिळत नाही."

"लाकूड कुठलं, तसे हातच राहिले नाहीत," अण्णा म्हणाले, आणि माझ्याकडे न बघण्याची त्यांनी विशेष काळजी घेतली.

मी भिंतीला टेकून उभा होतो आणि फुगलो होतो. कॅशियर फसला, याचा मला खरोखर आनंद झाला होता. माझ्या आनंदांची उंची एवढीच होती.

सुनेने वाटीतली ओली हळद उजव्या हाताला घेतली आणि दस्त्याच्या टोकावर पाची बोटं उमटवली. ती नमस्काराला वाकली आणि वर बघते तो बोटं लाल होत चालली होती. आधी कडेने, मग मधे, कुंकवासारखी गडद.

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या आणि मागे सरल्या.

"रक्त," कॅशियर म्हणाले. पैसे मोजताना वापरायचा आवाज त्यांनी काढला, अगदी खात्रीचा.

सगळे दस्त्याकडे बघत राहिले. तिच्या हाताकडे कोणी बघितलं नाही. तिच्या हातावर तीच हळद होती, आणि ती पिवळीच होती.

एकटी तीच घाबरली नव्हती. मोडक्या मराठीत, अगदी साधेपणाने म्हणाली, "सुण्ण लागलंय वाटतं, अत्ते." अत्ते म्हणजे सासूबाई, सुण्ण म्हणजे चुना. आणि हे त्या खोलीतल्या प्रत्येक बाईला माहीत असायला हवं होतं. हळदीत चुना कालवून लाल पाणी करायचं आणि दृष्ट काढायला ओवाळायचं, हे इथे घरोघर चालतं. काही महिन्यांपूर्वी हीच सून माप ओलांडून आत आली तेव्हा वहिनींनी स्वतःच्या हाताने तेच पाणी तिच्यावरून ओवाळून टाकलं होतं. ताटात लाल झालं तर मंगल, दस्त्यावर लाल झालं तर रक्त. हळद तीच. या माणसांना चमत्कार दिसला नव्हता, सबब सापडली होती.

सुनेने माझ्याकडे बघितलं. नवऱ्याच्या आत्याचा नवरा म्हणून ती मला मामा म्हणे. "मामा, तुम्ही केमिस्ट ना? सांगा ना यांना."

मी तोंड उघडायच्या आत अण्णा बोलले. विमा कचेरीत ते कसे बढती घेत गेले हे मला त्या वेळी कळलं. त्यांनी प्रश्न असा घातला की त्याला एकच उत्तर होतं. "भावजी, तुम्ही शास्त्रातले. लाकडात चुना असतो का?"

सगळी खोली माझ्याकडे वळली. सोडा म्हणालो असतो तर कुठला सोडा, कशासाठी, दस्ता नवा कसा, हे सगळं आलं असतं. कॅशियरला फसवल्याचा आनंद माझ्यावरच उलटला असता. अण्णांची लाज गेली असती, आणि शंभर वर्षांचं माझं लाकूड एका महिन्याचं झालं असतं.

"नाही," मी म्हणालो. "लाकडात चुना नसतो."

हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. ते मी कुठल्याही परीक्षेत लिहू शकतो.

"ऐकलंस?" वहिनी सुनेला म्हणाल्या. "जा, हात धू आणि आत बस."

तिने नवऱ्याकडे बघितलं. तो इंजिनियर. तो पाटाकडे बघत होता. ती उठून आत गेली. अण्णांनी दस्ता फडक्याने पुसला आणि दुसरी हळद बाजूला, जिथे तेलाचा हात होता तिथे, स्वतः लावली. ती पिवळी राहिली. मंडळींनी हात जोडले. मग जेवणं झाली, आणि वाढायला सुनेला बाहेर बोलावलं नाही.

रिक्षात बायको म्हणाली, "तुम्हाला काहीतरी माहीत आहे. अण्णासाठी मागे काय खटपट चालली होती, मला काय वास येत नव्हता?"

"मी खोटं काय बोललो?"

"तेच विचारतेय. खरं काय बोललात?"

मी रिक्षावाल्याला डावीकडे घ्यायला सांगितलं.

त्या घरातून सुनेला कोणी हाकललं नाही. तेवढी हिंमत लागते. देवघरात तिने जायचं नाही, सणाचं काही शिवायचं नाही, डोहाळजेवण आनेकललाच करा, असं सगळं हळू आवाजात होत गेलं, आणि थोड्या दिवसांनी नवराबायको के. आर. पुरमला भाड्याच्या घरात गेली. कामाला जवळ पडतं, असं सगळ्यांना सांगायचं ठरलं. गोष्ट मात्र मोठी होत गेली. पुढच्या वर्षी बोटांच्या जागी पूर्ण पंजा आला. नंतर रायफल थरथरली असं निघालं. आणि प्रत्येक वेळी शेवटी माझं नाव: "केमिस्ट होते तिथे. ते म्हणाले, हे शास्त्रात बसत नाही." असं मी कधी म्हणालो नव्हतो. पण दुरुस्त करायला गेलो असतो तर काय म्हणालो होतो ते सांगावं लागलं असतं.

अण्णा गेल्यावर, त्याच दशकाच्या शेवटी, आम्ही आयुधपूजेला के. आर. पुरमला गेलो. वहिनी आता तिथेच राहायला आल्या होत्या. ज्या सुनेच्या हाताची हळद चालत नव्हती तिच्या हातचं जेवण त्यांना दोन्ही वेळा चालत होतं. दारात स्कूटर धुवून उभी होती, हार घातलेली, चाकाखाली लिंबं. भाचा, म्हणजे अण्णांचा मुलगा, स्वतः हळद-कुंकू लावत होता. ती ताट धरून उंबऱ्याच्या आत उभी.

"तू नाही लावत?" माझ्या बायकोने विचारलं.

"नाही आत्या. हे लावू देत नाहीत." ती हसून म्हणाली, सवयीचं हसणं. "रस्त्यावर फिरतात ना. भीती वाटते त्यांना."

म्हणजे वहिनींचं नव्हतं हे. एवढी वर्षं त्याच्याच मनात बसलं होतं. तिच्याशी संसार करणारा, यंत्रांवर काम करणारा तो माणूस तिचा हात स्कूटरला लागू देत नव्हता. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन मोरीतून धुण्याचा सोडा आणला, ताटलीत थोडं पाणी घेऊन कालवला आणि त्यात हळद टाकली. लाल झाली.

"हे तुझं रक्त," मी भाच्याला म्हणालो.

"मामा, हा सोडा आहे. दस्त्यावर सोडा कुठून येईल?"

"मी लावला होता. दस्ता नवा होता. जुना वाळवीनं खाल्ला होता. अण्णांनी सांगितलं म्हणून मी रंगवला."

वहिनी आतून खुर्चीसकट बाहेर आल्यासारख्या आल्या. "नवा? माझ्या आजेसासऱ्यांचा दस्ता नवा? माणूस जाऊन वर्ष नाही झालं आणि तुम्ही त्यांच्यावर घालताय?"

"वहिनी, मीच केलाय तो."

"मग ते होते तेव्हा तोंड कुठं होतं तुमचं?"

आयुष्यात त्यांनी विचारलेला हा एकच शहाणा प्रश्न.

"आणि तेव्हा तर तुम्हीच सगळ्यांसमोर नाही म्हणाला होतात," भाचा म्हणाला.

"चुना नाही असं म्हणालो होतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. माझ्या नोकरीत मी अनेकांकडे तसं बघितलं असेल. "अस्सं," तो म्हणाला, आणि स्कूटर सुरू करून लिंबांवरून पुढे नेली, कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारायला. मी सांगितलेलं त्याने खोटं मानलं नाही, खरंही मानलं नाही. एका भित्र्या म्हाताऱ्याचं बोलणं मानलं, आणि तेवढं बरोबर होतं.

तिने चाकाखालचं फुटलेलं लिंबू उचललं आणि माझ्या हातातल्या ताटलीत पिळलं. फेस आला आणि लाल पाणी पुन्हा पिवळं झालं.

"त्या दिवशी जेवणानंतर दस्त्याच्या टोकावर राहिलेल्या लाल डागावर मी हेच केलं होतं," ती म्हणाली. "सगळे पान खात होते तेव्हा. पिवळं झालं. म्हणजे चुन्यासारखंच काहीतरी होतं, ते मला तेव्हाच कळलं, मामा. तुम्हाला माहीत आहे की नाही, तेवढंच कळलं नव्हतं."

ताटली माझ्याकडून घेऊन ती धुवायला गेली.

पुढच्या वर्षीही भाच्याने हळद एकट्यानेच लावली, असं बायकोकडून कळलं. आता स्कूटर जाऊन गाडी आली आहे, वहिनी नाहीत, माझी बायकोही नाही. रायफल भाच्याने स्वतःच्या नावावर करून घेतली. त्या दस्त्याला मागची लोखंडी पट्टी बसली आहे आणि तेलही वेळोवेळी मिळतं, असं ऐकतो. पंगतीतल्या त्या मुलाला, भाच्याला, कॅशियरच्या मुलानातवंडांना आणि ज्यांना माझं अजून खोटं वाटत असेल त्या सगळ्यांना एवढंच सांगतो: पट्टीचे स्क्रू काढा. आत कोरं लाकूड आहे, त्यावर मी कधी तेल दिलं नाही आणि सोडा कधी धुतला नाही. त्यावर ओली हळद लावा. अजूनही लाल व्हायला हवी.

आणि हळद तिला लावू द्या.